पट्टा न बांधता

तीन यंत्रं होती आमच्यासमोर.
रस्ता-कचेरीतलं जुनं विंडोज, दमेकऱ्यासारखा पंखा असलेलं;
बंदरावरच्या लीविकाबाईंचा मॅक, कॉफीनं चिकट झालेला;
आणि हेल्दुरच्या ट्रकमधला टॅब्लेट, लिनक्सवाला,
उणे अठराला ज्याची काच बोट ओळखेनाशी होते.

काम एवढंच:
बर्फाची जाडी सेंटिमीटरात भरायची
आणि बेटाकडे जाणारा समुद्रावरचा रस्ता
उघडा की बंद, ते तिन्हीकडे दिसायला हवं.
एक आकडा, दोन बटणं.
एवढ्यासाठी हाप्सालूतल्या त्या खोलीत
आम्ही अख्खा ऑक्टोबर घालवला.

राइगो म्हणाला, जिथं जाईल तिथलं नेसावं खिडकीनं.
मॅकवर मॅकचं बटण, विंडोजवर विंडोजचं.
करून पाहिलं.
'रद्द करा' एकीकडे डावीकडे गेलं, एकीकडे उजवीकडे,
आणि लिनक्सवर अर्धा शब्द चौकटीबाहेर लोंबत राहिला,
गाडीच्या दारात अडकलेल्या मफलरसारखा.

मग मी हट्टानं सगळं स्वतः रंगवणारं टूलकिट आणलं.
कडा त्याच, सावली तीच, तिन्हीकडे हुबेहूब.
लीविकाबाईंनी दोन दिवस वापरलं.
"छान आहे," म्हणाल्या, "पण हे बटण
आपल्या गावचं वाटत नाही."
मग कुठल्या गावचं,
ते त्यांनाही सांगता येईना.

तिसरं पोटात सबंध ब्राउझर घेऊनच आलं.
एक आकडा दाखवायला तीनशे मेगाबाइट.
ते उघडेपर्यंत हेल्दुरनं थर्मासमधला चहा संपवला,
झाकण पुसलं, परत लावलं.
बोलला काहीच नाही.

आमच्या भाषेत बर्फाच्या कडेला जो शब्द आहे
त्यात एकच स्वर चार वेळा येतो, ओळीनं,
प्रत्येकाच्या डोक्यावर दोन टिंबं.
मी प्रत्येक टूलकिटला तो शब्द लिहायला लावायचे.
एकानं आठाऐवजी पाचच टिंबं दिली.
ते त्याच संध्याकाळी यादीतून गेलं.
(आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
तीन टिंबांवरून कुणी नोकरीवरून काढतं का?)

लायसन्सची कलमं राइगो मोठ्यानं वाचत होता,
उद्या ही कंपनी विकली गेली तर काय, परवा बुडाली तर काय,
तेव्हा हेल्दुर कोपऱ्यातून म्हणाला,
"बर्फावर आम्ही पट्टा बांधत नाही."

आम्ही बघत राहिलो.

"तसा नियमच आहे. गाडी खाली गेली
तर दार उघडून उडी मारता आली पाहिजे.
पुढच्या गाडीपासून अडीचशे मीटर लांब राहायचं,
आणि पट्टा नाही."
मग त्यानं हातमोजा न काढता
पडद्यावर अंगठा ठेवला.
तिन्ही नमुन्यांत तो दोन्ही बटणांवर एकदम पडला.

त्या रात्री मी आकडेमोड खिडकीपासून सोडवली.
जाडी, तापमान, वारा, तडे: सगळं एका बाजूला,
साधं, कुठलंही टूलकिट न ओळखणारं.
खिडकी दुसऱ्या बाजूला, हवी तेव्हा सोडता येईल अशी.
बटणं अंगठ्याच्या दुप्पट केली. मोज्यासकट.
टूलकिट शेवटी राइगोचंच घेतलं.
मफलर आत ओढायला नऊ दिवस लागले.

डिसेंबरात पाऊस पडला. जानेवारीतही.
हेल्दुर रोज सकाळी भोक पाडून आकडा भरायचा:
सहा. नऊ. सात.
तिन्ही पडद्यांवर लाल 'बंद' एकाच क्षणी उमटायचं,
सुंदर, ज्याचं त्याचं, आपापल्या गावचं.
फेब्रुवारीत एकदा अकरा झाले.
मग परत आठ.

एप्रिलमध्ये राइगोला सापडलं:
मॅकवर 'उघडा' दाबलं
की खिडकी नाहीशी व्हायची.
हिवाळाभर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुरुस्त केलं. तारीख लिहिली.
बाहेर फेरीबोट चालली होती बेटाकडे,
भर पाण्यातून,
आणि डेकवर हेल्दुरचा ट्रक, हँडब्रेक लावलेला.